एका ओपलचं चुकलेलं निदान

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओपीडी संपत आली होती आणि आमच्या वॉर्डातल्या मावशी दारात घुटमळत होत्या. आत बोलावल्यावर त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि चांदीची एक अंगठी टेबलावर ठेवली. "सर, एवढं बघा ना. खडा खरा आहे का?"

माझ्या टेबलावर नाशिकजवळच्या खडकात सापडलेल्या स्टिल्बाइटचा एक तुकडा कित्येक वर्षं कागद दाबायला ठेवलेला आहे. तेवढ्या भांडवलावर आमच्या रुग्णालयात मला दगडांतलं कळतं, असा समज आहे. मी तो कधी खोडून काढला नाही, ही माझी पहिली चूक.

मावशींच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली होती. आईची रास तूळ, राशीचा ग्रह शुक्र आणि शुक्राला हिरा परवडत नसेल तर ओपल, असं कुणीतरी सांगितल्यावरून त्याने पहिल्या पगारातून मोबाइलवर ओपल मागवला होता. सहा कॅरेट, चार हजार दोनशे रुपये. जाहिरातीतला फोटो मावशींनी मला दाखवला. दुधी खड्यात लाल, हिरव्या, निळ्या ठिणग्या पेटलेल्या दिसत होत्या. टेबलावरचा खडा मात्र चिंचोक्याएवढा, पिवळट आणि जेलीसारखा आरपार. रंगांचा मागमूस नव्हता.

मी तो उजेडात धरला, भिंगातून पाहिला आणि म्हणालो, "मावशी, ही काच आहे. फसवलं तुमच्या पोराला."

त्यांनी काही न बोलता अंगठी पुन्हा रुमालात बांधली. त्या रात्री फोनवर माय-लेकांचं भांडण झालं. पुढचे काही दिवस बोलणंच बंद होतं, हे मला नंतर कळलं. नऊ दिवसांनी मावशी पुन्हा आल्या. रुमाल सोडला. आतल्या अंगठीतल्या खड्यात लाल, हिरव्या, निळ्या ठिणग्या होत्या. थोडा पिवळेपणा राहिला होता, पण खडा तोच होता आणि तो खरा होता.

तेव्हा मी विचारलं, "अंगठी माझ्याकडे आणण्याआधी तुम्ही तिचं काय केलं होतं?" मावशी म्हणाल्या, "काही नाही. शुक्रवारी घालायची म्हणून आदल्या रात्री कच्च्या दुधात आणि गंगाजलात ठेवली होती."

तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे की, आधी रुग्णाची हकिगत विचारा आणि मग हात लावा. तो प्रश्न मी या वेळी विचारलाच नव्हता.

दगडात कोंडलेलं पाणी

ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. वाळू, गारगोटी, काच यांच्यात जे सिलिका असतं तेच इथेही असतं, पण गारगोटीसारखी स्फटिकरचना ओपलला नसते. दागिन्यात वापरल्या जाणाऱ्या ओपलमध्ये वजनाच्या साधारण ६ ते १० टक्के पाणी असतं. हिरा किंवा माणिक कपाटात कितीही वर्षं पडून राहिलं तरी त्यांना फरक पडत नाही. ओपलला पडू शकतो. 'ओपल' हा शब्द संस्कृतमधल्या 'उपल' म्हणजे दगड या शब्दावरून ग्रीक आणि लॅटिनमधून फिरून आला, असं बरेच अभ्यासक मानतात.

त्यातले रंग कुठून येतात हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं कारण दाखवून दिलं. ओपलच्या आत सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे असतात. फळवाल्याने संत्री रचावीत तसे ते एकावर एक, ओळीने रचलेले असतात. एका गोळ्याचा व्यास साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या रचनेवर पांढरा प्रकाश पडला की त्यातले रंग वेगवेगळ्या दिशांना फुटतात. सीडीच्या पाठीवर इंद्रधनुष्य दिसतं ते याच जातीचं. त्यात रंगद्रव्य नसतं, म्हणून खडा जरा कलता केला की रंग बदलतो.

गोळे लहान असतील तर निळा-जांभळा दिसतो आणि मोठे असतील तर लालही दिसतो. मोठे आणि एकसारखे गोळे क्वचितच नीट रचले जातात. म्हणून लाल रंग दुर्मीळ आणि बाकी गुण सारखे असतील तर महाग. गोळे वेडेवाकडे पडले असतील तर रंगांचा खेळ अजिबात दिसत नाही. त्याला साधा ओपल म्हणतात. तोही नैसर्गिक, तोही खरा, पण त्याची किंमत किरकोळ.

चाचणी चुकीची, निष्कर्षही चुकीचा

आज ऑनलाइन बाजारात परवडणाऱ्या दरात रंगीत ठिणग्यांचा ओपल दिसला, तर तो बहुधा इथिओपियातल्या वेलो भागातला असतो. हा साठा २००८ मध्ये जगासमोर आला. त्यातला बराचसा माल पैलू पाडण्यासाठी जयपूरला येतो, त्यामुळे आपल्याकडे तो सहज मिळतो. ऑस्ट्रेलियातला ओपल प्रामुख्याने गाळाच्या खडकात सापडतो, तर वेलोचा ज्वालामुखीच्या खडकात. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक मात्र वेगळा आहे. वेलोचा बहुतेक ओपल सच्छिद्र असतो आणि पाणी शोषून घेतो. अशा ओपलला हायड्रोफेन म्हणतात.

औषधाच्या बाटलीत 'खाऊ नका' असं लिहिलेली एक छोटी पुडी असते, ती आठवा. तिच्यात सिलिका जेल असतं, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारं सच्छिद्र सिलिका. हायड्रोफेन ओपल त्याचाच देखणा भाऊ समजा. पांढरा सुती कपडा ओला झाला की आरपार दिसू लागतो, तसंच इथे होतं. छिद्रांतल्या हवेची जागा पाणी घेतं, दुधी खडा पारदर्शक होतो आणि बऱ्याचदा रंगांचा खेळ मावळतो. वजनही वाढतं. खडा सावकाश वाळला की रंग परत येतात. त्याला कधी काही तास लागतात, कधी कित्येक दिवस.

मावशींच्या खड्याचं नेमकं हेच झालं होतं. 'खरा ओपल पाण्यात बदलत नाही' हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि डोक्यात तेवढंच राहिलं होतं. ही परीक्षा दोन्ही बाजूंनी फसते. खरा वेलो ओपल पाण्यात रंग घालवतो आणि नकली काच पाण्यात जशीच्या तशी राहते. अस्सलाला नापास करून नकलीला पास करणारी चाचणी दवाखान्यात कुणी वापरणार नाही. खड्यांच्या बाबतीत मात्र अशा चाचण्या तोंडोतोंडी फिरत असतात.

एका नावाखाली काय काय विकलं जातं

पहिला प्रकार 'ओपलाइट'. नाव ओपलच्या जवळचं, माल बहुतेक वेळा निव्वळ काच. दुधी निळसर दिसते आणि उजेडासमोर धरली की नारिंगी झाक मारते. वेगवेगळ्या रंगांच्या ठिणग्या तिच्यात नसतात.

दुसरा प्रकार डबलेट आणि ट्रिपलेट. डबलेटमध्ये खऱ्या ओपलचा पातळ काप काळ्या पाठीवर चिकटवलेला असतो. ट्रिपलेटमध्ये वरून काचेची किंवा गारेची पारदर्शक टोपीही बसवतात. असा खडा विकणं गैर नाही, पण तो अखंड ओपलच्या भावाने विकणं ही फसवणूक आहे. बाजूने पाहिलं तर सरळ जोडरेषा दिसते. कोंदण बंद असेल तर ती झाकली जाते. आत पाणी शिरलं तर थर सुटू लागतात आणि खडा धुरकट होतो.

तिसरा, प्रयोगशाळेत केलेला ओपल. पियर गिल्सन या फ्रेंच संशोधकाने १९७४ मध्ये तो बाजारात आणला. रंग भडक, नक्षी फार नेटकी. भिंगाखाली सरड्याच्या कातडीसारखे खवले आणि बाजूने पाहिल्यास उभे खांब दिसतात.

चौथा प्रकार सर्वांत फसवा, कारण खडा अस्सल असतो आणि रंग दिलेला असतो. वेलोचा ओपल पाणी शोषतो तसा रंगही शोषतो आणि धुराची प्रक्रिया करून काळाही करता येतो. गडद गुलाबी, जांभळा किंवा कोळशासारखा काळा 'इथिओपियन ओपल' स्वस्तात दिसला, तर आधी प्रक्रियेचाच संशय घ्यावा. ऑस्ट्रेलियातल्या लायटनिंग रिज इथल्या नैसर्गिक काळ्या ओपलची किंमत चांगल्या प्रतीला कॅरेटमागे लाखांत जाते. तो काही हजारांत घरपोच येत नाही.

नावाचा गोंधळ वेगळाच. आपल्याकडे रंगीत ठिणग्यांच्या कुठल्याही ओपलला 'फायर ओपल' म्हणतात. जगात इतरत्र त्या नावाने मेक्सिकोत मिळतो तसा नारिंगी-लाल, पारदर्शक ओपल ओळखला जातो. त्यात ठिणग्या असतीलच असं नाही. नावावर जाऊ नका, खडा पाहा.

फोटो म्हणजे रुग्ण नव्हे

महिन्यातून चार वेळा तरी कुणाच्या तरी एक्स-रेचा फोटो मला मोबाइलवर येतो. नाव नाही, तारीख नाही, अर्धा कोपरा कापलेला. खाली प्रश्न, 'काय वाटतं?' ओपल ऑनलाइन घेताना आपण याच अवस्थेत असतो. फरक इतकाच की, इथे फोटो काढणाऱ्याला तो चांगला दिसावा असं वाटत असतं.

ओपलचं सौंदर्य हालचालीत आहे आणि फोटो एका क्षणाचा असतो. खडा फिरवून, ज्या कोनात सर्वाधिक रंग दिसतात तोच टिपलेला असतो. बाकीच्या कोनांत तो निर्जीव असू शकतो. प्रखर दिवा, काळी पार्श्वभूमी आणि रंग वाढवणारं ॲप यांनी सामान्य खडाही पेटतो. आठ मिलिमीटरचा खडा पडद्यावर सुपारीएवढा दिसतो. काही जण ओल्या खड्याचे फोटो काढतात. पाण्यामुळे पृष्ठभाग चकचकीत होतो आणि बारीक भेगा लपतात.

म्हणून व्हिडिओ मागावा आणि तो तीन उजेडांत मागावा. उन्हात, सावलीत आणि घरातल्या साध्या दिव्याखाली. खडा कोरडा असावा, बोटांत धरून सावकाश फिरवलेला असावा. वरून, बाजूने आणि मागून दाखवलेला असावा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवायला सांगावं. उन्हात बहुतेक ओपल चमकतात. मंद उजेडातही ज्याचे रंग जिवंत राहतात तो चांगल्या प्रतीचा. हा व्हिडिओ द्यायला विक्रेता तयार नसेल, तर पुढे जाऊ नये.

किंमत कशावर ठरते

पहिला निकष रंगांचा तजेला. मरगळलेल्या लाल रंगापेक्षा झळझळीत हिरवा अनेकदा महाग ठरतो. दुसरा, रंग किती कोनांतून दिसतात. तिसरा, खड्याच्या मूळ अंगाचा गडदपणा. तो मोजायला ऑस्ट्रेलियन ओपलच्या व्यापारात एन१ ते एन९ अशी पट्टी वापरतात. एन१ म्हणजे काळाकुट्ट, एन९ म्हणजे पांढरा. पहिल्या चार छटांनाच काळा ओपल म्हणतात. गडद पाठीवर रंग उठून दिसतात, म्हणून भाव चढतो. त्यानंतर नक्षी. मोठ्या ठिपक्यांची, चौकडीसारखी 'हार्लेक्विन' नक्षी दुर्मीळ आहे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके सर्रास मिळतात. शेवटी घाट, जाडी आणि भेगा.

भेगांकडे दुर्लक्ष करू नका. काही ओपलमधलं पाणी कमी झालं की उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखं भेगांचं जाळं पडतं. ते दुरुस्त होत नाही. खडा पाण्याच्या कुपीत ठेवून विकत असतील, तर तो कोरडा होऊन काही आठवडे झाल्यानंतर कसा दिसतो, ते विचारावं.

वजनाच्या बाबतीत रत्तीच्या भानगडीत पडू नये. बाजारात रत्तीचं माप सगळीकडे सारखं नाही. कॅरेट म्हणजे नेमके २०० मिलिग्रॅम. भाव कॅरेटमागे विचारावा, तरच दोन खड्यांची तुलना करता येते.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

१. खडा कुठल्या देशातला? तो पाणी शोषणारा आहे का?

२. अखंड आहे, की डबलेट-ट्रिपलेट?

३. रंग, धूर, तेल किंवा राळ अशी कुठली प्रक्रिया केली आहे का? उत्तर बिलावर लिहून मिळेल का?

४. प्रमाणपत्र कुणाचं? विक्रेत्याने स्वतः छापलेल्या कार्डाला अर्थ नाही. मुंबईतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या स्वतंत्र संस्थेचं असेल, तर त्यावरचं वजन, मापं आणि फोटो खड्याशी जुळवून पाहावेत. 'नैसर्गिक ओपल' एवढ्यावर समाधान मानू नये. साधा, बिनरंगी ओपलही नैसर्गिकच असतो. प्रमाणपत्र ओळख सांगतं, किंमत योग्य आहे का हे सांगत नाही.

५. परत घेण्याची मुदत किती दिवसांची? ती किमान आठवड्याची असावी. या काळात खडा कोंदणात बसवू नये, पाण्यात किंवा दुधात घालू नये.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढून ठेवावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष, नकली किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली, तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. तसं झालं नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

बोटात घातल्यानंतर

आता थोडं माझ्या मूळ विषयाबद्दल. राशीचा खडा अंगाला लागला पाहिजे म्हणून आपल्याकडे अंगठीचं कोंदण खालून उघडं ठेवतात. वेलोच्या ओपलला त्यामुळे घाम, तेल, साबण खालूनही मिळतो. हळद, मेंदी, सॅनिटायझर यांच्यामुळे तो कायमचा डागाळू शकतो. दुधात, मधात, पंचामृतात तो बुडवूच नये. श्रद्धा असेल तर खड्याला स्पर्श न करता समोर निरांजन ओवाळावं. चुकून भिजलाच तर सावलीत सावकाश वाळू द्यावा. ऊन किंवा केस वाळवण्याचं यंत्र वापरलं, तर तडा जाण्याची भीती असते. ओपलचा कठीणपणा ५.५ ते ६.५, तर धुळीतल्या वाळूच्या कणांचा ७. त्यामुळे धूळ बसलेला खडा कोरड्या फडक्याने घासू नये, मऊ ब्रशने आधी ती झटकावी.

अंगठीखालची त्वचा ओली राहते आणि तिथे जंतू टिकून राहतात. रुग्णांची सेवा करताना अंगठ्या घालू नयेत, असंच जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते. मधुमेहाच्या रुग्णांनी आणि बोटांवर सूज येणाऱ्यांनी घट्ट अंगठी टाळावी. स्वस्त धातूच्या अंगठीतल्या निकेलमुळे खाज आणि पुरळ येणारे रुग्ण तर नेहमीच दिसतात.

खड्यातून औषध मात्र शरीरात काही जात नाही. ओपलने रक्तदाब उतरत नाही, साखर कमी होत नाही, गर्भ राहत नाही. आवडतो म्हणून घ्यावा, श्रद्धा म्हणून घालावा, पण त्याच्या भरवशावर एकही गोळी बंद करू नये. मावशींना मी हे सांगितलं, तेव्हा त्या दुसरीकडे बघू लागल्या. वही पाहिली तर बीपीच्या गोळ्या न्यायला त्या दीड महिना आल्या नव्हत्या. खडा बोटात येणार होता ना! मी खड्याच्या खरेपणात अडकलो होतो आणि समोरच्या बाईचा रक्तदाब मोजला नव्हता. ही त्या दिवसाची मोठी चूक. त्या दिवशी तो १७० च्या वर होता.

मुलाला मी स्वतः फोन केला. "तुझा खडा खरा आहे. चूक माझी होती," एवढंच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, तिला गोळ्यांचं पण सांगा."

आता मावशी ड्युटीवर येताना अंगठी रुमालात बांधून ठेवतात आणि घरी जाताना बोटात घालतात. जाता जाता माझ्या दाराशी थांबतात, बोट वर करून रंग दाखवतात. मी आधी विचारतो, "गोळी घेतली?" मग खडा बघतो.